द्राक्षाच्या काड्यांची राख आणि स्टोनवेअरचं ग्लेझ

एप्रिलची खरड छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडकडे बांधाबांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात. काहींची कुट्टी होऊन बागेतच आच्छादन होतं, काही बंबाखाली जातात, उरलेल्या तिथेच पेटवून देतात. स्टोनवेअर, म्हणजे खूप आचेवर भाजलेली टणक भांडी, करणाऱ्यांसाठी ही राख म्हणजे ग्लेझचा, भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा, जवळपास अर्धा कच्चा माल आहे. नाशिकमध्ये स्टुडिओ चालवून बाहेरगावच्या तयार ग्लेझच्या पिशव्यांवरच अवलंबून राहणं हे आपल्याकडच्या मालाकडे पाठ फिरवण्यासारखं आहे.

राखेचं ग्लेझ पद्धतशीर कसं करायचं हे शिकायला कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी (१८९५–१९८५) या इंग्रज कुंभार बाईंचं काम समोर ठेवावं. १९२४ मध्ये त्या इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला बर्नार्ड लीच या नामवंत कुंभारांकडे शिकल्या आणि पुढच्याच वर्षी कोल्सहिल इथल्या घरच्या जमीनजुमल्यावर त्यांनी स्वतःची पॉटरी उभी केली. तिथल्या लाकडाच्या भट्टीची रचना मात्सुबायाशी या जपानी कारागिराची. १९२८ पासून सुमारे आठ वर्षं नोरा ब्रेडन त्यांच्या जोडीला होत्या. भोवताली इस्टेटीवर वाढणारी झाडं, झुडपं, गवत वेगवेगळं जाळायचं, प्रत्येकाची राख वेगळी ठेवायची आणि कोणती राख भांड्यावर काय करते ते पाहायचं, हा दोघींच्या कामाचा गाभा होता. रंगीत ऑक्साइडांचा मारा नाही, फार नक्षी नाही. जो रंग आणि जो पोत येईल तो राख, माती आणि आगीतूनच. १९४६ मध्ये बाई विल्टशायरमधल्या किल्मिंग्टनला गेल्या. तिथे आधी तेलाची आणि पुढे विजेची भट्टी वापरून त्यांनी काम चालू ठेवलं. त्यामुळे लाकडाची भट्टी नाही म्हणून राखेचं ग्लेझ आपल्याला जमणार नाही, असं समजून बसू नका.

त्यांच्या कामातून दोन नियम घ्यायचे आणि ते मोडायचे नाहीत. एका झाडाची राख दुसऱ्या झाडाच्या राखेत मिसळायची नाही. आणि एका चाचणीत एकच गोष्ट बदलायची.

राख वितळते कशी

द्राक्षाच्या काड्यांच्या राखेत सगळ्यात जास्त असतो कॅल्शियम, त्याखालोखाल पोटॅशियम, मग थोडं मॅग्नेशियम आणि फॉस्फरस. काच बनवणारी सिलिका अगदी कमी. कॅल्शियम एकटा काच बनवत नाही. त्याला सिलिका आणि अॅल्युमिना मिळाले की बाराशे अंशांच्या पुढे तो जोरदार वितळवायला लागतो. म्हणून राखेला फेल्डस्पार या खनिजाची जोड द्यायची, कारण त्यात सिलिका, अॅल्युमिना आणि अल्कली तिन्ही आहेत. वर थोडी माती घालायची, म्हणजे अॅल्युमिना वाढून ग्लेझ भांड्यावरून ओघळत नाही आणि बादलीतही तळाला दगडासारखं बसत नाही.

भाजणी १२५० ते १२८० अंश सेल्सियसला होते हे पक्कं लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कुंभारांची लाल माती एवढी आच सोसत नाही. ती फुगते, वाकते आणि शेवटी भट्टीतल्या शेल्फवर पसरते. भांड्यासाठी स्टोनवेअरची खास माती, म्हणजे स्टोनवेअर बॉडीच हवी आणि ती पुण्या-मुंबईच्या पुरवठादारांकडून मागवावी लागते. लाल मातीचा उपयोग आहे, पण तो ग्लेझमध्ये. त्याबद्दल पुढे येईल.

कोणत्या काड्या घ्यायच्या

ऑक्टोबरच्या छाटणीपेक्षा एप्रिलच्या छाटणीच्या काड्या घ्या. एप्रिलमध्ये फळ देऊन झालेली, पिकलेली काडी बुडाशी एक-दोन डोळे ठेवून कापली जाते, म्हणून लाकूड जास्त मिळतं आणि पुढचा महिनाभर कडक ऊन असल्याने ते खणखणीत वाळतं. ऑक्टोबरच्या मालात ओल आणि कोवळा शेंडा जास्त. शिवाय पावसाळ्यात बागेवर झालेल्या फवारण्या सालीवर ताज्या असतात.

या फवारण्यांकडे नीट लक्ष द्यायला हवं, कारण जंगली लाकडाच्या राखेत हा प्रश्न येतच नाही. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबं. गंधकाची फवारणीही होते. जळताना तांबं कुठे जात नाही, राखेतच राहतं. ग्लेझमध्ये ते हिरवट झाक आणतं, आणि रिडक्शनमध्ये (भट्टीतली हवा कमी करून केलेल्या भाजणीत) तेच तांबं लालसर-गुलाबी डाग पाडू शकतं. तांब्याची वाफ भट्टीत शेजारच्या पांढऱ्या भांड्यावरही चढते. गंधकाचे सल्फेट होऊन राखेत उरतात आणि ते ग्लेझवर फोड आणतात. म्हणून बागायतदाराला विचारा: बोर्डो शेवटचं कधी मारलं, किती वेळा मारलं? उत्तर लिहून ठेवा. दोन शेजारी बागांची राख वेगळी वागते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

सगळ्यात चांगली राख जुन्या बागेच्या खोडांची. बाग म्हातारी झाली की ती काढतात, तेव्हा ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) आणि खोडं जळणाला स्वस्तात मिळतात. जाड लाकडात सालीचं प्रमाण कमी, म्हणून फवारणीचे अवशेषही कमी. अशी बाग निघतेय असं कळलं तर वर्षभराची राख एकदमच करून ठेवा.

बंबाखालची राख घ्यायलाही हरकत नाही. अट एकच: त्या घरी बंबात फक्त काड्याच जाळल्या जात असाव्यात. दुधाच्या पिशव्या, रंगीत पुठ्ठा, रंग लावलेलं लाकूड जात असेल तर ती राख नको.

जाळणं

आधी हिशोब. शंभर किलो वाळक्या काड्यांमागे साधारण दोन ते तीन किलो राख पडते. धुऊन-चाळून हातात दीड-दोन किलो येते. पाच किलो कोरडं ग्लेझ करायला दोन किलो राख लागते. म्हणजे छोट्या स्टुडिओलाही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभर काड्या हव्यात, पोतंभर काड्यांनी फक्त चाचण्या होतील.

काड्यांमधली बांधणीची प्लास्टिक पट्टी, नायलॉनची दोरी, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आणि तार हाताने वेचून काढा. जीआय तारेवर जस्ताचा थर असतो आणि तेही ग्लेझमध्ये उतरतं. सुतळी राहिली तरी चालेल.

जाळायची जागा विटांची फरशी मांडून तयार करा. उघड्या काळ्या मातीवर जाळलं तर राख गोळा करताना माती सोबत येतेच. आपली माती बेसाल्टची, लोहाने भरलेली. मूठभर आली तरी फिकट ग्लेझ तपकिरी होतं. गंजका ड्रमही त्याच कारणाने टाळा, पापुद्रे सुटून राखेत पडतात. वारा पडलेला असेल असा सकाळचा वेळ निवडा, बागायतदाराची संमती घ्या, वेलींपासून लांब जाळा. शहराच्या हद्दीत उघड्यावर जाळायला मनाई असते, म्हणून हे काम शेतावरच.

आग लहान आणि गरम ठेवा, थोड्या थोड्या काड्या घालत राहा. मोठा ढीग एकदम पेटवला की आत हवा पोचत नाही आणि राखेऐवजी कोळसा जास्त उरतो. जळून झाल्यावर निखारे पसरून त्यांना पूर्ण जळू द्या, वरून पत्रा झाका आणि दुसऱ्या दिवशी गोळा करा. पाणी ओतून विझवू नका. विरघळणारे क्षार तिथेच विटांत झिरपून जातील आणि तुम्ही किती वेळा धुतलं याचा हिशोबच राहणार नाही.

धुणं

कोरडी राख फुप्फुसांना वाईट आणि ओली राख कातडीला. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा यांशिवाय हात घालू नका. राखेचं पाणी कॉस्टिकसारखं असतं, पीएच १२ च्या आसपास किंवा त्याच्याही वर. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात वापरायचं नाही, हे पाणी अॅल्युमिनियम खातं. प्लास्टिकच्या बादल्या किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

आधी राख पिठाच्या जाड चाळणीतून कोरडीच काढा. कोळसे, खिळे, खडे वर राहतात. मग एक माप राखेला दहा मापं पाणी. पाण्यात राख सोडायची, राखेत पाणी नाही, नाहीतर ढेकळं होतात आणि धूळ उडते. काठीने ढवळलं की बारीक कोळसा वर तरंगतो, तो झाऱ्याने काढून टाका. रात्रभर ठेवलं की सकाळी तळाशी करडा गाळ आणि वर पिवळसर, चहाच्या पाण्याच्या रंगाचं क्षारपाणी दिसतं. ते नळीने हळूच वरच्या वर काढून घ्या, बादली तिरपी करून ओतू नका. सगळ्यात बारीक राख वरच्या थरात असते आणि तीच वाहून जाते.

किती वेळा धुवायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. न धुतलेल्या राखेत पोटॅशियम जास्त राहतं, ग्लेझ जास्त वितळतं, जास्त ओघळतं, त्याला एक प्रकारची खोली येते. पण तेच क्षार बादलीत हळूहळू विरघळत राहतात, ग्लेझ घट्ट होत जातं, हाताला झोंबतं, आणि भांडं वाळताना क्षार कडांवर जमा होऊन तिथे ग्लेझ सोलवटतं. पाच-सहा वेळा धुतलं तर राख निव्वळ कॅल्शियमच्या भुकटीकडे झुकते; मग बाजारातून व्हाइटिंग (खडूची भुकटी) आणलेलं काय वाईट? द्राक्षाच्या राखेला दोन धुणी पुरेत. दुसऱ्या धुण्यात सल्फेटचा मोठा भाग निघून जातो आणि पोटॅशियम काही प्रमाणात टिकतं. पीएच सातवर यायची वाट पाहू नका, तो येणार नाही. कॅल्शियममुळे तो वरच राहतो. पाण्याचा पिवळेपणा आणि साबणासारखा बुळबुळीतपणा गेला की थांबा.

काढलेलं पाणी गटारात, झाडांना किंवा नदीत सोडू नका. भरपूर साध्या पाण्याने पातळ करून त्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड थोडं थोडं घाला, पीएच पट्टी सात-आठच्या दरम्यान आली की मगच सोडा.

गाळ ओला असतानाच ६० मेशच्या (इंचाला ६० छिद्रांच्या) आणि नंतर ८० मेशच्या चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेलं कुटून परत घालायचा मोह टाळा, त्यात बहुतेक वाळू आणि अर्धवट जळलेला कोळसाच असतो. स्टीलच्या ताटांत पसरून, वर जुनं सुती कापड टाकून उन्हात वाळवा. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत वाळतं. जूनच्या मध्यानंतर हे काम काढूच नका, राख आठवडाभर ओलसरच राहते आणि ओल्या राखेचं वजन फसवं असतं. वाळलेल्या वड्या फोडून ४० मेशमधून काढा, हवाबंद डब्यात भरा. डब्यावर लिहा: गाव, छाटणीचा महिना आणि साल, काड्या की खोड, किती धुणी, फवारणीची माहिती.

चाचण्या

चाचणीच्या टाइल उभ्या राहणाऱ्या हव्यात. आडव्या टाइलवर राखेचं ग्लेझ नेहमी चांगलंच दिसतं. त्याचा ओघळ कळतो तो उभ्या पृष्ठभागावर. चाकावर बुड नसलेलं, खाली आतल्या बाजूला ओठ असलेलं बुटकं नळकांडं काढा, चामड्याइतकं कडक झालं की उभं कापून एल आकाराचे तुकडे करा. बिस्किट भाजणी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, ९५० ते १००० अंशांना. प्रत्येक तुकड्याच्या मागे आयर्न ऑक्साइडने नंबर लिहा. पेन्सिलीचा किंवा मार्करचा नंबर भट्टीत जळून जातो.

पहिली चाचणी निव्वळ राखेची. पाण्यात कालवून ब्रशने लावा आणि भाजा. राख एकटी किती वितळते, रंग कुठला देते, हिरवी झाक मारते का, हे इथेच कळतं. हिरवं स्पष्ट दिसलं तर ती राख फुलदाणी, दिवा, शोभेच्या भांड्यांच्या बाहेरच्या बाजूला वापरा. खाण्याच्या भांड्याच्या आतून नको.

मग त्रिकोणी चाचणी: एका कोपऱ्यात राख, दुसऱ्यात पोटॅश फेल्डस्पार, तिसऱ्यात बॉल क्ले (बारीक, चिकट माती), दर पायरीला २० टक्के. एकूण २१ मिश्रणं होतात. प्रत्येक मिश्रण वेगळं तोलत बसण्यापेक्षा तिन्ही पदार्थांची पातळ कालवणं करा. प्रत्येकी ३०० ग्रॅम कोरडा माल, पाणी घालून बरोबर ६०० मिली. २० मिलीच्या सिरिंजने १२ मिली म्हणजे एक पायरी. पाच पायऱ्या मिळून एका चाचणीला ६० मिली. प्रत्येक पदार्थाचं ४२० मिली संपतं, बाकीचं पुढच्या चाचण्यांना उरतं. सिरिंज भरण्याआधी प्रत्येक वेळी कालवण ढवळा, राख आणि फेल्डस्पार लगेच खाली बसतात. थर पातळ बसतो, म्हणून टाइल दोनदा बुडवा.

टाइलखाली बिस्किटच्या पसरट बश्या ठेवा आणि त्यांना अॅल्युमिना हायड्रेट व चायना क्ले (पांढरी माती) निम्मे-निम्मे कालवून लेप द्या. राख ८० टक्क्यांच्या कोपऱ्यातले तुकडे सरळ खाली वाहून येतात. लेप नसेल तर शेल्फ गेला.

भट्टीतून काढलेल्या २१ टाइल त्रिकोणातच मांडा. राखेच्या कोपऱ्याजवळ पातळ, पिवळट-हिरवट, बारीक ओहोळांचं ग्लेझ; फेल्डस्पारच्या कोपऱ्याजवळ दुधी, जाड, तडे गेलेलं; मातीच्या कोपऱ्याजवळ खरखरीत, न वितळलेलं. कामाचा पट्टा मधे असतो. बोट फिरवून पाहा, नखाने ओरखडा, भिंगाखाली फोड बघा. जी टाइल आवडली तिच्या भोवतीच पाच-पाच टक्क्यांनी पुढची चाचणी करा.

चार सुरुवाती

हे सगळे आकडे वजनाचे आहेत, ९ नंबरच्या कोनसाठी (कोन म्हणजे ठरावीक आचेला वाकणारा छोटा सुळका). तुमच्या राखेप्रमाणे ते सरकतील.

पहिलं, स्टुडिओ पॉटरीत सर्वत्र चालणारं २:२:१ प्रमाण: राख ४०, पोटॅश फेल्डस्पार ४०, बॉल क्ले २०. विजेच्या भट्टीत फिकट मधासारखं किंवा सायीच्या रंगाचं येतं, गॅसच्या रिडक्शनमध्ये करडं-हिरवं. इथूनच सुरुवात करा.

दुसरं शांत, कमी ओघळणारं: राख ३०, फेल्डस्पार ४५, चायना क्ले १५, क्वार्ट्झ १०. ताटं, वाट्या, कप यांना हे बरं.

तिसरं नाशिकचंच: राख ५० आणि कुंभाराची लाल माती ५०. गोदावरी-दारणेच्या खोऱ्यातल्या मातीत लोह इतकं असतं की वेगळं आयर्न ऑक्साइड घालावं लागत नाही. जाड थरात काळपट तपकिरी, कडेवर तांबूस. अडचण अशी की ही माती वाळताना फार आकसते. सगळीच कच्ची घातली तर ग्लेझला वाळतानाच भेगा पडतात आणि भट्टीत ते गोळा होऊन सरकतं. म्हणून निम्मी माती कच्ची ठेवा आणि निम्मी वाडग्यात भरून ७०० अंशांना भाजून, कुटून घाला. भाजलेल्या मातीचं वजन भाजल्यानंतर करायचं.

चौथं पांढरं, जपानी नुका ग्लेझच्या वळणाचं: द्राक्षाची राख ३०, फेल्डस्पार ४०, भाताच्या तुसाची राख ३०. तूस घोटी-इगतपुरीच्या भात गिरण्यांतून मिळतं. त्याच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, म्हणून ती वितळवत नाही, पांढरेपणा देते. ती धुवायची गरज नाही, पण बॉल मिलमध्ये किंवा खलात बारीक करावीच लागते. इथे दोन राखा एकत्र येतात खऱ्या, पण वेगवेगळ्या तोलून. आधीच मिसळलेल्या नाहीत.

बादली आणि बुडवणं

पाच किलोच्या बादलीला पहिल्या प्रमाणाने राख २ किलो, फेल्डस्पार २ किलो, बॉल क्ले १ किलो. पाणी सुमारे साडेपाच लिटर, पण आधी साडेचारच घ्या. बॉल क्ले पाण्यात रात्रभर भिजू द्या, मग बाकीचं घाला, ८० मेशमधून दोनदा काढा. १०० मिली ग्लेझचं वजन १४० ते १४५ ग्रॅम भरेपर्यंत उरलेलं पाणी घालत जा. हे वजन दर वेळी बुडवण्याआधी करा. राखेचं ग्लेझ दोन दिवसांत आपोआप घट्ट दिसायला लागतं आणि नुसत्या नजरेने पाणी वाढवलं की थर पातळ बसून भांडं कोरडं, खरबरीत येतं. वजन बरोबर असताना घट्ट वाटत असेल तर ते क्षारांमुळे झालेलं आहे; नीट ढवळा, पाणी घालू नका.

बिस्किट भांडं ओल्या स्पंजने पुसा, एप्रिल-मेमध्ये स्टुडिओत धूळ फार बसते आणि धुळीवर ग्लेझ धरत नाही. तीन सेकंद बुडवा. थर एक ते दीड मिलिमीटर. सुई टोचून पाहा. बुडापासून वर एक सेंटिमीटर पट्टा मेण लावून मोकळा ठेवा, राख ५० टक्क्यांच्या ग्लेझला दीड. काठाला दुसऱ्यांदा बुडवायचं असेल तर खालचा अर्धा भाग एकच थर राहू द्या, म्हणजे वरून वाहणाऱ्याला थांबायला जागा मिळते.

भाजणी

विजेच्या भट्टीत २०० अंशांपर्यंत सावकाश, मग तासाला १०० ते १२० अंशांनी १००० पर्यंत, पुढे ८० ते १०० ने. शेवटी वीस मिनिटं ते अर्धा तास तेच तापमान धरून ठेवा. राखेच्या ग्लेझमधून निघालेल्या वायूंचे फोड याच वेळात बसतात. पायरोमीटरचा (भट्टीच्या तापमापकाचा) आकडा आधाराला असतो, निर्णय कोनवर घ्यायचा. शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी तापवलं तर ९ नंबरचा ऑर्टन कोन १२६० च्या सुमारास वाकतो, १५० अंशांनी तापवलं तर १२८० च्या. खिडकीसमोर ८, ९, १० असे तीन कोन लावा.

११०० ते १००० दरम्यान सावकाश थंड केलं, तासाला ५० अंश वगैरे, तर कॅल्शियमचे बारीक स्फटिक वाढतात आणि तुकतुकीत ग्लेझ मऊ, मॅट होतं. कोल्सहिलच्या भांड्यांचा दगड-शिंपल्यांसारखा शांत पोत ज्यांना हवा आहे त्यांनी भट्टी भरकन थंड करू नये.

उन्हाळ्यात वीज मध्येच जाते. ११०० च्या आत गेली तर झाकण न उघडता वाट पाहा आणि आली की पुढे चला, काही बिघडत नाही. वरच्या टप्प्यात गेली तरी भट्टी बंदच ठेवा. परत आल्यावर ठरलेलं तापमान गाठून लगेच बंद करू नका, कोन पडेपर्यंत थांबा. आणि त्या भाजणीतले चाचणीचे निकाल वहीत वेगळ्या खुणेने लिहा.

गॅसच्या भट्टीत रिडक्शन १००० अंशांच्या आसपास सुरू करा, हलकं ठेवा. फार धूर धरला की कार्बन ग्लेझमध्ये अडकून ते मळकट दिसतं.

बिघडतं कुठे

ग्लेझ शेल्फपर्यंत वाहिलं तर आधी थराची जाडी तपासा, मग माती पाच टक्के वाढवा. तापमान शेवटी कमी करा. ग्लेझ गोळा होऊन बिस्किट उघडं पडलं असेल तर कारण धूळ, न धुतलेले क्षार किंवा कच्ची माती जास्त. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं बहुतेक वेळा वीस मिनिटं जास्त धरून ठेवल्याने बुजतात. मोठे फुटके फोड आले असतील तर सल्फेट राहिले आहेत, त्या राखेला आणखी एक धुणं द्या. बारीक तडे अल्कली जास्त असल्याची खूण आहे. क्वार्ट्झ पाच-पाच टक्क्यांनी वाढवत न्या. जाड थरात निळसर, धुरकट ढग दिसला तर घाबरू नका, तो राखेतल्या फॉस्फरसमुळे येतो आणि सुंदर दिसतो. बाजारातल्या व्हाइटिंगने तो मिळत नाही.

एकाच डब्यातल्या राखेने दोन भाजण्यांत वेगळा रंग दिला तर दोष राखेचा नसतो. भट्टीतली जागा, थराची जाडी आणि थंड होण्याचा वेग पाहा, याच क्रमाने.

जेवणाच्या भांड्यासाठी

राख ४० टक्क्यांच्या वर गेली की ग्लेझ आंबटाला कमकुवत होऊ शकतं, मॅट असेल तर जास्तच. नव्या ग्लेझच्या टाइलवर लिंबाची चकती चोवीस तास ठेवा, दुसऱ्या टाइलवर तेलात कालवलेली हळद. धुतल्यावर लिंबाखालचा रंग फिका पडला, चकाकी गेली किंवा हळदीचा डाग राहिला तर ते ग्लेझ आतून वापरू नका. तांब्याची शंका असलेल्या राखेसाठी घरची चाचणी पुरेशी नाही. एक तयार वाटी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देऊन तांबं किती झिरपतं ते तपासून घ्या. लोणच्याची बरणी, दह्याचं भांडं, चिंचेच्या सारासाठीचा वाडगा यांना आतून साधं, पारदर्शक, कमी राखेचं लायनर ग्लेझ द्या आणि राखेचं बाहेरून. दोन्ही ग्लेझ काठावर जिथे भेटतात तिथे एकमेकांत मिसळून जास्त वितळतात, म्हणून तिथला थर दोन्ही बाजूंनी पातळच ठेवा.